आजीच्या दंडावरचा व्रण

गुरुकुंज मोझरीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीचा दंड पाहा. देवी काढल्याचा गोल व्रण दिसेल. 1975 नंतर देशात देवीची साथ उरली नाही, ती या टोचणीमुळे. तरीही 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मेळघाटात कोरोनाची लस घेतली की माणूस मरतो, अशी आवई उठली.

घाबरणाऱ्याला अडाणी म्हणणे सोपे. 1897 च्या प्लेगात पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून झडत्या घेत. त्या सरकारच्या सुईवर गरिबाने विश्वास ठेवावा कसा? डॉ. हाफकिन यांनी मात्र मुंबईत 10 जानेवारीला लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप सोसला, मग इतरांना दिली. दोनच महिन्यांनी, 10 मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीमाई गेल्या.

आजीने सुई कशी घेतली, रडली की पळाली, नातवंडांनो, विचारा तर खरे.