सुभेदाराच्या खांद्यावर तारे होते का?

‘आमचे खापरपणजोबा कामठीच्या छावणीत सुभेदार होते, म्हणजे लेफ्टनंटच. खांद्यावर दोन तारे!’ गोंदिया-भंडाऱ्याकडे जुन्या पलटणींचा विषय निघाला की हे ठरलेलं वाक्य येतंच. छावणी खरी, 1821 ची. बाकी चूक आहे, आणि ती सोडून देण्यासारखी नाही. त्या माणसाला आयुष्यभर सोसावा लागलेला दुजाभावच तिच्यामुळे पुसला जातो.

1858 पर्यंत सुभेदाराच्या खांद्यांवर झालरीची एपॉलेट्स असत. पुढे कॉलरवर किंवा कुडत्याच्या उजव्या छातीवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन सोनेरी तलवारी आल्या. तारे आले ते 1900 नंतर, आणि तेव्हाही दर्जा जिथल्या तिथेच राहिला. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार अशा पायऱ्या चढत अर्धं आयुष्य पलटणीत घालवलेला सुभेदार कालच बोटीतून उतरलेल्या इंग्रज पोराच्या हाताखालीच राही. गोऱ्या शिपायावर त्याचा हुकूम चालत नसे. कुणी म्हणेल, 1857 नंतर पायदळाच्या कंपन्या देशी अधिकाऱ्यांकडेच होत्या ना? होत्या, पण त्यांच्या वर विंगचा, म्हणजे अर्ध्या पलटणीचा, गोरा अधिकारी असे आणि शेवटचा शब्द त्याचा. मग ‘सरदार बहादूर’ किताबाचं काय? तो 1837 पासून मिळे, रोजच्या 2 रुपये भत्त्यासह. त्याने मान वाढे, अधिकार नाही. या हुद्द्यांना खरं वजन असतं, तर 1890 च्या दशकात सरकारने महारांची भरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त हवालदाराला अर्ज लिहून दाद मागावी लागली नसती. इंग्रज अधिकाऱ्याच्या बरोबरीचं कमिशन लढाऊ पलटणींतल्या हिंदी माणसांना मिळालं 1917 मध्ये, तेही पहिल्या खेपेस नऊ जणांना.

पगार भरघोस होता, हेही ऐकू येतं. पायदळातल्या शिपायाला महिना 7 रुपये मिळत, पोटाचा खर्च त्यातूनच. 1895 मध्ये त्याचे 9 झाले. व्हिक्टोरिया क्रॉस तर हिंदी शिपायाला 1911 पूर्वी मिळूच शकत नव्हता.

घरात पलटणीतल्या पूर्वजाचा फोटो असेल तर आधी कॉलर आणि छाती नीट पाहा. तलवारी दिसल्या तर तो बहुधा 1900 च्या आधीचा. त्याखाली लेफ्टनंट लिहू नका, सुभेदारच लिहा.