तेल बाजारात, चोथा बागेत

ऑलिव्हचे तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. झाडाने ते हवा आणि पाणी यांतून उन्हाच्या जोरावर घडवलेले असते. नत्र, स्फुरद, पालाश त्यात नसतातच म्हटले तरी चालेल. म्हणून नुसते तेल बाजारात गेले तर जमिनीचे फारसे काही जात नाही. मुळांनी मातीतून उचललेले सारे, विशेषतः पालाश, फळाच्या चोथ्यात उरते. बाग खंगते ती हा चोथा माघारी येत नाही म्हणून, आणि त्याचे कंपोस्ट करून तो बागेत परत घालण्याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे. स्पेनमधल्या आंदालुसियाइतके ठळक उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल. तिथल्या एकट्या हाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडे आहेत. डोंगरउतारांवर, वर्षानुवर्षे नांगरून उघड्या ठेवलेल्या जमिनीत. पावसाने माती वाहून जाते, आणि सेंद्रिय कर्ब पुष्कळ बागांत एक टक्क्याच्याही खाली घसरला आहे.

चोथ्याचा प्रश्न मुळात पाण्याचा होता. जुन्या पद्धतीच्या घाण्यांतून अल्पेचिन नावाचे काळे, कडवट सांडपाणी निघे आणि ते ओढ्यांवाटे ग्वादालकिविर नदीत उतरे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनने ते नदीत सोडण्यास बंदी घातली, तेव्हा ते बाष्पीभवनाने आटवण्यासाठी सुमारे हजार तळी खोदली गेली. तळ्यांना दुर्गंधी सुटली, काही पाझरली. १९९०च्या दशकात नवी यंत्रे आली. ती जवळजवळ पाणी न घालताच तेल वेगळे करतात. सांडपाणी थांबले, पण त्यातले सारे चोथ्यात आले. आता १०० किलो फळांतून साधारण २० किलो तेल आणि ८० किलो ओला, चिकट लगदा निघतो. त्याला अल्पेरुहो म्हणतात आणि त्यात दोन तृतीयांश पाणीच असते.

हा लगदा तसाच मातीत मिसळला तर नुकसान होते. तो आम्लधर्मी असतो, त्यात तेलाचा अंश राहिलेला असतो आणि फिनॉल वर्गातली द्रव्ये कोवळी मुळे जाळतात. शिवाय कर्बाच्या मानाने नत्र इतके कमी, की तो कुजवताना सूक्ष्मजीव मातीतलेच नत्र ओढून घेतात. मुर्सियातल्या सेबास या सरकारी संशोधन संस्थेने या लगद्याचे कंपोस्टिंग बारकाईने अभ्यासले आहे. खरी अडचण हवेची. लगदा स्वतःच्या वजनाने दबतो, खालून पंप केलेली हवा मिळेल त्या भेगेतून निसटते आणि बाकीचा ढीग गुदमरतो. म्हणून त्यात ऑलिव्हची पाने, छाटणीच्या फांद्यांचा भुगा आणि मेंढ्यांचे लेंडीखत किंवा कोंबडीखत मिसळून लांब ढीग लावायचे आणि यंत्राने ते पुन्हा पुन्हा वरखाली करायचे. ढीग ५५ अंशांच्या वर तापतो, फिनॉल आणि तेल विघटित होतात, आम्लता जाऊन सामू आठच्या वर चढतो. सहा ते नऊ महिन्यांनी हाती येते ते गडद, मातकट वासाचे, पालाशाने समृद्ध खत. कित्येक वर्षे ते पडलेल्या बागांत सेंद्रिय कर्ब वाढलेला आढळतो, मातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि पाणी मुरते. धूप हेच जिथे मुख्य दुखणे आहे तिथे याहून मोठा लाभ कोणता?

आक्षेप वजनदार आहेत. पहिला इंधनाचा: हा लगदा वाळवून, त्यातले उरलेसुरले तेल हेक्झेनने काढून, बाकी जाळून वीज केली जाते, मग ते कुजवायचे कशाला? पण आधी त्यातले पाणी उडवायला उष्णता खर्ची पडते, जाळल्यावर कर्ब आणि नत्र हवेत जातात, आणि पालाशाची राख बागेपासून दूर कारखान्यात साचते. मधला मार्ग मात्र आहे. बिया यंत्राने वेगळ्या काढता येतात. त्या कोरड्या, उत्तम जळणाऱ्या आणि खनिजांनी गरीब. त्या भट्टीत घालाव्यात आणि गर कंपोस्टला द्यावा. बिया गेल्याने ढीग अधिक दबेल हे खरे, म्हणून छाटणीचा भुगा तेवढा जास्त लागेल. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत हीच विभागणी दिसते: बगॅस म्हणजे उसाची चिपाडे बॉयलरमध्ये जातात, तर प्रेसमडवर, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळावर, मद्यार्क प्रकल्पातले पालाशयुक्त सांडपाणी (स्पेंट वॉश) मुरवून खत केले जाते. साखरही अखेर कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच.

दुसरा आक्षेप असा की या खताने झाडाची नत्राची भूक लगेच भागत नाही. हे खरेच आहे; त्यातले नत्र सेंद्रिय रूपात बांधलेले असते आणि सावकाश सुटते. म्हणून पहिली काही वर्षे नत्राचा वेगळा हप्ता बंद करू नये. कोंबडीखत वाढवून हे साधेल असे वाटते, पण सामू चढलेल्या तापल्या ढिगातून तेच नत्र अमोनिया होऊन उडते. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि माझ्या मते निर्णायक हाच. पाझर अडवणारी पक्की फरशी, ढीग उलटवणारे यंत्र आणि महिनोन्महिने अडकणारी जागा एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही. आंदालुसियात मात्र अनेक घाणे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचेच आहेत. फळे घेऊन येणारा ट्रॅक्टर परतताना रिकामाच जातो; त्यातून गेल्या हंगामातले तयार खत सभासदाच्या बागेत पोचवता येते, म्हणून अशा संस्थेने खर्चाचा हिशेब घाण्याच्या फाटकाशी न थांबवता बागेपर्यंत न्यायला हवा.