हिरव्या छापाची खातरजमा : पर्यावरणस्नेही खरेदीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुसदच्या बाजारपेठेत अलीकडे ज्या दुकानी जावे तेथे काही ना काही ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून पुढे केले जाते. आणि गिऱ्हाईक एक तर ‘ही मोठ्या शहरांची हौस, आपल्या खिशाला झेपणारी नव्हे’ असे म्हणून पाठ फिरवतो, नाही तर वेष्टनावरचे हिरवे पान पाहून कसलीही चौकशी न करता दाम मोजून मोकळा होतो. या दोन्ही वर्तनांच्या मुळाशी काही रूढ गैरसमज आहेत, त्यांचा क्रमाने परामर्श घेणे इष्ट होईल.

गैरसमज : पर्यावरणाला मानवणारी वस्तू महागच पडते.

वस्तुस्थिती : किंमत दुकानात एकदाच द्यावी लागते, खर्च मात्र वस्तू चालेल तोवर चालूच राहतो, हे ध्यानात न घेतल्यामुळे हा समज पसरला आहे. छताचा जुन्या धाटणीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर ‘बीएलडीसी’ पंखा तितक्याच वाऱ्यासाठी ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तासांप्रमाणे वर्षातील आठ महिने तो फिरला असे धरले, तर सुमारे १३० युनिटांची बचत होते, आणि प्रतियुनिट आठ रुपये दर धरल्यास हजार रुपयांच्या वर रक्कम वाचते. म्हणजे खरेदीच्या वेळी जास्तीचे द्यावे लागलेले हजार-दीड हजार रुपये दीड वर्षाच्या आत वसूल होतात.

वैदर्भी कूलरचेही तसेच आहे. वैशाखात पारा ४५ अंशांकडे झेपावतो तेव्हा येथील हवा विलक्षण कोरडी असते, आणि ओल्या ताट्यांतून ती आत ओढली की पाण्याच्या बाष्पीभवनात तिची उष्णता खर्ची पडून खोली थंड होते. दीड टनी वातानुकूलन यंत्राला जेथे पंधराशे वॅटच्या आसपास वीज लागते, तेथे घरगुती कूलर साधारणतः दीड-दोनशे वॅटांत काम भागवतो. अर्थात तो पाणी पितो, आणि मृगाच्या सरी येऊन हवा दमट झाली की निकामी ठरतो, हेही हिशेबात धरले पाहिजे.

गैरसमज : कापडी पिशवी घेतली की कर्तव्य संपले.

वस्तुस्थिती : यवतमाळ जिल्हा कापसाचा, तेव्हा कापसामागे किती खत, किती फवारणी आणि किती राबणूक असते, हे येथल्या वाचकाला निराळे सांगण्याची गरज नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, केवळ हवामानावरील परिणामापुरते पाहिले तरी नवी सुती पिशवी तेथील प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत किमान ५२ वेळा वापरावी लागते, आणि सर्व प्रकारचे परिणाम एकत्र धरले तर हा आकडा ७,१०० वर जातो. रस्त्यावर वा नाल्यात साचणाऱ्या कचऱ्याचा प्रश्न त्या गणनेत नव्हता, म्हणून प्लास्टिकला त्यातून निर्दोषत्वाची सनद मिळत नाही; परंतु समारंभागणिक फुकट मिळालेल्या सुती पिशव्यांची चळत कपाटात रचून ठेवणे ही पर्यावरणसेवा नव्हे, इतके निश्चित सिद्ध होते. विटलेल्या लुगड्याचा धड राहिलेला पदर दुपदरी करून, बुडाशी दुहेरी शिवण घातलेली पिशवी मात्र नवा कापूस मागत नाही, आणि शिंप्याची मजुरी सोडल्यास तिला खर्चही नाही.

गैरसमज : कागदी पेला म्हणजे निव्वळ कागद.

वस्तुस्थिती : चहाने कागद भिजून फाटू नये म्हणून बहुतेक पेल्यांना आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चढवलेला असतो, त्यामुळे असा पेला धड कुजतही नाही आणि रद्दीतही सहजी खपत नाही. टपरीवरचा धुऊन पुन्हा वापरात येणारा काचेचा ग्लास त्याहून सरस. यंत्रावर दाबलेल्या चकचकीत पत्रावळींचीही हीच गत. उलट पळसाची पाने काड्यांनी टाचून केलेली पत्रावळ जेवणानंतर उकिरड्यावर गेली की कालांतराने तिचे खतच होते.

गैरसमज : ‘विघटनशील’ पिशवी कोठेही टाकली तरी मातीत मिसळते.

वस्तुस्थिती : महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातल्यानंतर या पिशव्यांना मागणी आली. कंपोस्टयोग्य प्लास्टिकसाठी आयएस १७०८८ हे भारतीय मानक असून उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु ही कसोटी ५८ अंशांच्या आसपास तापमान राखलेल्या खताच्या ढिगाची आहे. पूस नदीच्या काठी फेकलेल्या पिशवीला तशी ऊब कोठून मिळणार? प्रमाणपत्र खरे असले तरी विल्हेवाट चुकली की त्याचा उपयोग उरत नाही.

गैरसमज : वेष्टनावर हिरवे पान म्हणजे सरकारची मान्यता.

वस्तुस्थिती : पान कोणीही छापू शकतो. केंद्र सरकारने अशा वस्तूंसाठी १९९१ साली ‘इकोमार्क’ योजना काढली आणि तिचे चिन्ह म्हणून मातीचे मडके निवडले. २०२४ मध्ये तिची नियमावली नव्याने जारी झाली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि त्यांनुसार ‘नैसर्गिक’, ‘हरित’ असे मोघम शब्द पुराव्यावाचून वापरण्यास मनाई आहे. दाव्याचा आधार विचारणे हा म्हणूनच ग्राहकाचा हक्क होय, दुकानदारावरचा अविश्वास नव्हे.

सारांश, खरेदीपूर्वी चार प्रश्नांचा क्रम पाळावा : हे काम भागवणारी वस्तू घरात आधीच आहे काय, नवी घेतल्यास ती गावातल्या गावात दुरुस्त होईल काय, ती किती वर्षे चालेल, आणि शेवटी ती जाणार कोठे? पहिल्याच प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर पुढचे तिन्ही प्रश्न आणि खिशातले पैसे दोन्ही वाचतात.