एसजीपीटी नॉर्मल, तरी लिव्हर खराब?

परवा देवरीकडचे एक शेतकरी रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले. जुना सिरोसिस, पोटात पाणी, पायांवर सूज. पण चेहऱ्यावर समाधान. "डॉक्टरसाहेब, एसजीपीटी नॉर्मल आली. लिव्हर सुधारलं ना?"

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात उतरणारे द्रव्य होय. सिरोसिसमध्ये मुळात पेशीच कमी उरतात, मग उतरणार काय? पुढे काय होईल हे कळते ते यकृत काम किती करते यावरून. अल्ब्युमिन किती बनते, बिलिरुबिन किती साचते आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो (आयएनआर), हे मी आधी पाहतो. अल्ब्युमिन २.८ ग्रॅमच्या खाली किंवा बिलिरुबिन ३ मिलिग्रॅमच्या वर गेले, की चाइल्ड-प्यू गणनेत प्रत्येकी ३ गुण. पोटातील पाणी व भ्रम यांचेही गुण धरतात. बेरीज ५-६ असल्यास ठीक; १० किंवा अधिक म्हणजे गंभीर. इथे जास्त गुण मिळवणारा नापास!

सिरोसिसच्या रुग्णास यकृताच्या कॅन्सरचाही धोका असतो. त्यासाठी एएफपी तपासतात. परंतु ती नॉर्मल असूनही गाठ असू शकते. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवीच. कॅन्सर झाल्यावरही अल्ब्युमिन व बिलिरुबिन हे दोनच आकडे पुढचा बराच अंदाज देतात. २०१५ साली त्यावरून 'आल्बी' ही श्रेणी निघाली.

त्या शेतकऱ्याच्या रिपोर्टात अल्ब्युमिन नव्हतेच. तपासले, २.३ निघाले. मोहाची दारू कायमची बंद करायला सांगून मी नागपूरची चिठ्ठी लिहून दिली.