लष्कराच्या बाद जनरेटरची घरची निगा



मे महिन्यात पाण्याची एक पाळी चुकली की उसाच्या कांड्या आखूड राहतात, आणि त्याचा हिशोब पुढे वजनकाट्यावर होतो. म्हणून वीज गेली तरी मोटार चालावी यासाठी पुष्कळ जण जुना जनरेटर शोधतात. लष्करातून बाद झालेला माल लिलावात निघतो, व्यापारी घेतात आणि तेथून तो आपल्यापर्यंत येतो. पुलगाव-आर्वी रस्त्यावरील रोहणा येथील एका सभासदाने असाच हिरव्या रंगाचा 15 केव्हीएचा सेट आणला. आम्ही ऊस नोंदणीला गेलो तेव्हा तो गोठ्याशेजारी बंद उभा होता.

"साहेब, इंजिन धरत नाई. धरलं तं करंट देत नाई. भंगारात घालू काय?"

"थांबा भाऊ, आधी पाहू," आम्ही म्हटले.

पहिला दोष डिझेलचा निघाला. फार दिवस उभ्या राहिलेल्या टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ साचतो. टाकी रिकामी करून धुतली, फिल्टर नवा घातला. फिल्टर बदलला की लाइनीत हवा शिरते आणि मग इंजिन धरत नाही. अशा वेळी फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून नुसते डिझेल आले की स्क्रू आवळावा. मग पंपावरचा स्क्रू, आणि शेवटी नोझलच्या नळीचा नट, असा क्रम ठेवावा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधी धरू नये. डिझेल कातडीत घुसते. पंप आणि नोझल घरी खोलू नयेत, ते दुकानचे काम आहे. लष्करी सेटचा स्टार्टर बहुधा 24 व्होल्टचा असतो. त्याला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडाव्या लागतात.

दुसरा दोष करंटचा. जनरेटरच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक असते, त्यावरच तो वीज धरतो. फार दिवस बंद राहिला की तेही जाते. रिवाइंडिंगच्या मिस्त्रीने आधी मेगर लावला. वाइंडिंगला ओल होती, म्हणून उन्हात आणि बल्बाच्या उबेवर ते वाळवले. मग रेग्युलेटर सोडवून फील्डला बॅटरीचा क्षणभर स्पर्श दिला आणि व्होल्ट उभे राहिले. अधिक-उणे चुकले तर नुकसान होते, म्हणून हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. पाटीवर 50 सायकल लिहिले आहे ना, हेही पाहावे.

सेट सुरू झाला आणि भाऊ लगेच सर्व्हिस वायरवरच जोड द्यायला निघाले. तेव्हा मात्र आम्ही त्यांचा हात धरला. आम्हीही तरुणपणी आमच्या शेतात असाच जोड दिला होता. लाइनमन खांबावर चढण्याआधी विचारायला आला, म्हणून तो वाचला. आपल्या जनरेटरचे 415 व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे गेले, तर पलीकडच्या बंद लाइनीवर 11,000 व्होल्ट होऊ शकतात. लाइन बंद आहे असे समजून वर चढलेला माणूस आपल्याच गावचा, कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो. म्हणून लाइन आणि जनरेटर यांमध्ये चार पोलचा चेंजओव्हर स्विच आणि स्वतंत्र अर्थिंग हवेच. जोडणी परवानाधारक वायरमनकडून करावी, आणि नोंदणी लागते का ते विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात विचारावे. भाऊंनी चार दिवस थांबून स्विच बसवला, मगच मोटार चालवली.

एवढी निगा ठेवा:

1. ऑइल पुस्तकाप्रमाणे बदला. पुस्तक नसेल तर 200 ते 250 तासांनी.
2. उसाच्या रस्त्यांची धूळ फार. एअर क्लीनर दर आठवड्याला पाहा.
3. महिन्यातून एकदा अर्धा तास मोटारीच्या भारावर चालवा. नुसता रिकामा चालवला तर सायलेन्सरमध्ये काजळी आणि तेल साचते.
4. मोटार सुरू होताना पाच-सहापट करंट घेते. दोन मोटारी एकदम लावू नका.
5. बंद खोलीत सेट चालवू नका. धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नाही.

इंजिन बिघडले तर आठ दिवसांत दुरुस्त होते. गेलेला माणूस परत येत नाही. कोणाकडे असा सेट असेल तर गट ऑफिसात किंवा आमच्या चिटबॉयला कळवा. जोडणी पाहायला आम्ही स्वतः येऊ.