अण्णांच्या फोनमधले अकरा पाटील

ऐकताना स्टेप्स सुटतात अशी तुमच्यापैकी अनेकांची तक्रार असते, म्हणून या भागाचा मजकूर इथे थोडा नीट करून देतोय. विषय आहे फोनमधले डुप्लिकेट कॉन्टॅक्ट. "त्यात काय एवढं, एक बटण दाबायचं" असं वाटत असेल, तर गेल्या दिवाळीपर्यंत मलाही तसंच वाटायचं.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची किंवा बोअरची मोटर जळली की शेतकरी ती दुकानात आणून टाकतात, अण्णा भरून देतात. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. दिवाळीला घरी गेलो आणि अण्णांचा फोन हातात घेतला, तर एकोणीसशेच्या वर कॉन्टॅक्ट. नुसते पाटीलच पन्नासेक. 'पाटील म', 'पाटील बोअर', 'पाटील २', 'पाटील नवीन', त्यात निम्मे मराठीत आणि निम्मे इंग्रजी अक्षरांत. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. प्ले स्टोअरवरून एक डुप्लिकेट काढणारं ॲप टाकलं, 'सारखी नावं एकत्र करा'वर टिक केली आणि फराळाला बसलो. चहा संपेपर्यंत एकोणीसशेचे अकराशे झाले होते. मी खूश.

पाडवा झाल्यावर अण्णांनी दुकान उघडलं. सावळजच्या एका पाटलांची मोटर तयार होती, त्यांना फोन करायचा होता. यादीत एकच 'पाटील' आणि त्याच्या पोटात अकरा नंबर. अण्णांनी पहिला दाबला, "पाटील, मोटर झालीय, घेऊन जावा" म्हणाले आणि ठेवला. तासाभरानं मणेराजुरीचे पाटील भाड्याची गाडी घेऊन दारात हजर. त्यांची मोटर अजून उघडलेलीसुद्धा नव्हती. सावळजचे पाटील इकडे फोनची वाट बघत बसले. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस म्हणजे द्राक्षबागेला पाण्याचा ताण चालतच नाही. त्यांचे दोन दिवस गेले. पुढची मोटर त्यांनी दुसऱ्या दुकानात टाकली. अण्णा मला काही बोलले नाहीत, फक्त एवढंच, "आरं, त्यो 'बोअर' आन् 'म' मी उगाच लिहिलं हुतं व्हय?"

तर हा प्रकार नक्की का होतो, ते बघू.

पहिली गोष्ट, तुमच्या फोनमध्ये 'एक' कॉन्टॅक्ट लिस्ट नसते. सिममध्ये एक असते, फोनच्या स्वतःच्या मेमरीत एक, गूगल अकाउंटमध्ये एक, ऑफिसचा मेल जोडला असेल तर त्याची आणखी एक. तुम्हाला दिसते ती या सगळ्यांची एकत्र रचलेली यादी. अँड्रॉइडमध्ये आतल्या बाजूला प्रत्येक ठिकाणची कच्ची नोंद वेगळी ठेवली जाते आणि सिस्टीमला एकाच माणसाच्या वाटल्या त्या नोंदी स्क्रीनवर एका नावाखाली दाखवल्या जातात. म्हणजे कधी कधी दोन दिसतात तिथे खरंच दोन असतात, आणि कधी एक दिसतो तिथेही आत तीन असतात. नवा फोन घेतला, दुकानदारानं 'सगळं कॉपी करून देतो' म्हणत सिमवरून फोनमध्ये घेतलं, मग गूगलनंही सिंक केलं, की तीन प्रती तयार. अण्णांनी आजवर पाच फोन बदललेत. हिशेब तुम्हीच करा.

सिमची तर वेगळीच गंमत. साधारण सिममध्ये अडीचशे नोंदी मावतात, एका नावाला एक नंबर, आणि नावासाठी जागा जेमतेम. बऱ्याच सिमवर चौदा ते अठरा बाइट असतात. इंग्रजी अक्षराला त्यात एक बाइट लागतो, देवनागरीला दोन, आणि मात्रा-वेलांटी हेही वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. 'पाटील' या शब्दातच पाच जागा गेल्या. मग 'पाटील मणेराजुरी' लिहिलं तरी सिमवर उरतं 'पाटील म'. मी ज्याला कचरा समजलो तो 'म' म्हणजे एक अख्खं गाव होतं, जागेअभावी कापलेलं.

दुसरी गोष्ट नंबरची. एकच मोबाइल नंबर आपण नुसते दहा आकडे, मागे शून्य लावून किंवा अधिक ९१ लावून लिहितो. शून्याला कारण आहे. दुकानात लँडलाइन होती, आणि लँडलाइनवरून बाहेरच्या सर्कलमधला मोबाइल लावायचा तर शून्य लागायचं. १५ जानेवारी २०२१ पासून तर लँडलाइनवरून कुठलाही मोबाइल लावायला शून्य सक्तीचं झालं. माणसाला हे तिन्ही सारखेच दिसतात, पण अक्षरशः तुलना करणाऱ्या प्रोग्रॅमला ते तीन वेगळे नंबर वाटतात. फोन आल्यावर मात्र नाव बरोबर दिसतं, कारण तिथे अँड्रॉइड शेवटचे काही आकडे जुळवून बघतो. म्हणून डुप्लिकेट वर्षानुवर्षं आपल्या लक्षात येत नाहीत.

यावर उपाय जुना आहे. नंबर जगभर एकाच पद्धतीनं लिहायचा, आधी अधिकचं चिन्ह, मग देशाचा कोड, मग नंबर, सगळं मिळून जास्तीत जास्त पंधरा आकडे. या नियमाला ई.१६४ म्हणतात, तो आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा आहे. दुबईला किंवा अमेरिकेला गेलात की नुसते दहा आकडे सेव्ह केलेले नंबर रुसतात, ते याच कारणानं. नंबर असे करून घेणं हे काम मशीनवर बिनधास्त सोपवावं. त्यात चूक व्हायला फारसा वाव नाही.

खरी गोची नावांची आहे. 'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी' हा फरक तरी डोळ्यांना दिसतो. 'कऱ्हाडे' बघा. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याच्या र ला हलन्त लावून, तर दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लावून. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, पण आतले कोड वेगळे. सर्च केलं तर एक सापडतो, दुसरा नाही. तुमच्या यादीत 'कऱ्हाडे' दोनदा दिसतात आणि फोन म्हणतो डुप्लिकेट नाहीत, तर तुम्हाला वेड लागलेलं नाही, एवढंच सांगतो.

आता मुद्द्याचं. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत की नाहीत, हा प्रश्न फोनच्या आधीपासूनचा आहे. जनगणना आणि दवाखान्यांच्या नोंदी करणाऱ्यांना तो रोजच पडायचा. १९६९ साली कॅनडाच्या सरकारी सांख्यिकी खात्यातल्या इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी त्यावर एक गणिती मांडणी दिली, आजही या क्षेत्राचा पाया तीच आहे. मला त्यातल्या दोन गोष्टी फार आवडतात. एक म्हणजे जुळणीला वजन असतं. दुर्मीळ आडनाव जुळलं तर तो मोठा पुरावा, सगळीकडे सापडणारं आडनाव जुळलं तर जवळपास काहीच नाही. तासगावात 'पाटील' जुळणं म्हणजे पुरावा शून्य! दुसरी म्हणजे उत्तरं दोन नसतात, तीन असतात: 'एकच आहे', 'वेगळे आहेत' आणि 'माहीत नाही, माणसाला विचारा'. मी टाकलेल्या ॲपमध्ये तिसरा पर्यायच नव्हता. आणि मीही अण्णांना विचारलं नव्हतं, ते तर शेजारच्या खोलीत होते.

नंबर जुळला म्हणजे माणूस एकच, हेही धरून चालू नका. गावाकडे अजूनही एका नंबरवर दोघं-तिघं असतात, आमच्या यादीत एक नंबर बापाच्याही नावावर आहे आणि मुलाच्याही, दोन्ही बरोबर. शिवाय बंद पडलेला नंबर किमान नव्वद दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे 'जुना नंबर' म्हणून ठेवलेला आकडा आज कुणा अनोळखी माणसाचा असू शकतो. तो मर्ज होऊन कार्डात पहिला बसला, तर पुढचे सगळे फोन त्याला.

आता काम कसं करायचं. सगळ्यात आधी बॅकअप, आणि हे मी ओरडून सांगतोय. कॉन्टॅक्ट ॲपमध्ये एक्सपोर्ट नावाचा पर्याय असतो, त्यातून व्हीसीएफ फाइल निघते. ही व्हीकार्डची फाइल, नव्वदच्या दशकातला फॉरमॅट, जवळजवळ प्रत्येक फोन वाचतो. ती स्वतःला मेल करा. फोनमध्येच ठेवलेला बॅकअप फोन हरवला की गेला.

मग सिमवरचे आणि फोन-मेमरीतले कॉन्टॅक्ट एकाच गूगल अकाउंटमध्ये हलवा आणि नवे कॉन्टॅक्ट तिथेच सेव्ह होतील असं सेटिंग करा. हे न करता नुसतं मर्ज करत बसलात तर पुढच्या फोनबरोबर सगळं परत येणार. त्यानंतर गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये 'मर्ज अँड फिक्स' उघडा. तिथे जोड्या सुचवलेल्या असतात. 'मर्ज ऑल'ला हात लावू नका, एकेक बघा. कंटाळवाणं आहे, मान्य. मी रोज रात्री अण्णांबरोबर अर्धा तास बसायचो, शंभर-दीडशे नोंदी व्हायच्या. नंबर आणि नाव दोन्ही जुळतंय ते मर्ज. नुसतं नाव जुळतंय ते अण्णांना विचारून. त्यांना आठवलं नाही तर तसंच ठेवून पुढे.

गूगलमध्ये चुकलंच तर कॉम्प्युटरवर कॉन्टॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम उघडून सेटिंगमधून 'अनडू चेंजेस' करता येतं, गेल्या तीस दिवसांतल्या कुठल्याही वेळेला परत जाता येतं. फक्त लक्षात घ्या, अख्खी यादी मागे जाते, मधल्या दिवसांत जोडलेले नवे कॉन्टॅक्टही उडतात, म्हणून आधी ते एक्सपोर्ट करून घ्या. आयफोनवाल्यांना आयओएस १६ पासून, म्हणजे २०२२ पासून, कॉन्टॅक्टच्या यादीत वरतीच 'डुप्लिकेट्स फाउंड' दिसतं. तिथेही 'मर्ज ऑल' आहे, आणि माझं म्हणणं तेच आहे.

बाहेरच्या ॲपबद्दल माझं मत आता कडक झालंय. कॉन्टॅक्टची परवानगी देताना तुम्ही स्वतःची माहिती देत नसता, एकोणीसशे दुसऱ्या लोकांची देत असता, त्यांना न विचारता. फोनमध्ये आणि गूगलमध्ये हे काम फुकट होतं, मग कशाला?

तुम्ही म्हणाल, तू का नाही अनडू केलंस? अण्णांचे बहुतेक कॉन्टॅक्ट फोन-मेमरीत होते, गूगलला सिंक झालेलेच नव्हते, आणि त्या ॲपनं जुन्या नोंदी पुसून नवी एक लिहिली होती. वाचवलं ते दोन गोष्टींनी. ड्रॉवरमधल्या जुन्या फोनमध्ये दोन वर्षांपूर्वीची यादी होती, ती आधी परत आणली. बाकीचं सापडलं दुकानाच्या वहीत. मोटर आली की अण्णा नाव, गाव, एचपी आणि नंबर लिहून ठेवतात. मी ज्याला डेटाबेस म्हणतो तो त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याच्या वहीत होता, आणि त्यात एकही डुप्लिकेट नव्हता, कारण प्रत्येक पाटलापुढे गाव होतं.

आता फोनमध्येही तसंच केलंय. आडनाव नावाच्या रकान्यात, आणि गाव कंपनीच्या रकान्यात. यादीत ते सर्च होतं आणि कापलंही जात नाही. मणेराजुरीच्या पाटलांना त्या दिवसाचं गाडीभाडं मी दिलं, ते घेत नव्हते. सावळजचे पाटील अजून आलेले नाहीत. आणि 'पाटील २' कोण, हे अण्णांनाही आठवत नाही, वहीतही सापडत नाही. ती नोंद तशीच ठेवली आहे. त्यांचा फोन आला की कळेल.