शाकाहारी मुलांचा आहार : काळजी कशाची, दुर्लक्ष कशाकडे

शाकाहारी कुटुंबांत मुलांच्या पोषणाविषयी जी चर्चा होते ती बहुधा प्रथिनांपाशी सुरू होऊन प्रथिनांपाशीच संपते. ‘मांस-मासे नाहीत तर अंगात ताकद यायची कुठून’ असा आक्षेप बाहेरून येतो आणि त्याला उत्तर म्हणून दूध, डाळ आणि पनीर यांची नावे पुढे केली की घरच्यांचे समाधान होते. वस्तुतः शाकाहारी मुलाच्या ताटातील कच्चे दुवे निराळेच आहेत : बी-१२ हे जीवनसत्त्व, लोह आणि पहिल्या दोन वर्षांतील अन्नाचा दाटपणा; आणि नेमक्या याच बाबतींत घरोघरी निर्धास्तपणा आढळतो.

प्रथिनांविषयीची भीती आधी निकालात काढणे सोयीचे. प्रथिने अमिनो आम्ले नावाच्या घटकांची बनलेली असतात व त्यांपैकी काही शरीराला स्वतः तयार करता येत नसल्याने ती अन्नातूनच मिळावी लागतात. गहू, तांदूळ, ज्वारी यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळींत मिथिओनिन कमी. परंतु एकाची उणीव दुसरे भरून काढत असल्यामुळे वरण-भात, पिठले-भाकरी, उसळ-पोळी या जोड्यांतून मिळणारी प्रथिने बरीच समतोल असतात, आणि दोन्ही पदार्थ एकाच जेवणात असलेच पाहिजेत असाही नियम नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सुधारलेल्या शिफारशींनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे साडेबारा ग्रॅम प्रथिने पुरतात. ५० ग्रॅम कणकेच्या पोळ्या, २५ ग्रॅम तूरडाळीचे वरण आणि २०० मिलिलिटर दूध एवढ्यांची बेरीज १६-१७ ग्रॅमपर्यंत जाते. अर्थात ही बेरीज मूल पोटभर जेवत असेल तरच उपयोगाची आहे, कारण एकूण उष्मांक कमी पडले की शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळून टाकते.

पोटभर जेवण्याचा हा मुद्दा सर्वांत निकडीचा ठरतो तो उष्टावणानंतरच्या वर्षभरात. बाळाला पचायला हलके म्हणून वरणाचे वरवरचे पाणी किंवा भाताची पातळ पेज देण्याची पद्धत अद्याप रूढ आहे. या पाण्यात हळद, मीठ आणि थोडे क्षार यांखेरीज फारसे काही नसते, प्रथिने व उष्मांक देणारी डाळ पातेल्याच्या तळाशी राहते आणि ती घरातील मोठी माणसे खातात. लहान मुलाच्या जठराची क्षमता वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मानली जाते, म्हणजे आठ किलोच्या बाळाचे पोट पाव लिटरच्या आतच भरते, आणि ते पाण्याने भरल्यावर खाण्याला जागा उरत नाही. म्हणून सहा महिने पूर्ण झाल्यावर स्तनपान चालू ठेवून दिले जाणारे पूरक अन्न चमचा तिरका केला तरी चटकन ओघळून पडणार नाही इतके दाट असावे, ही कसोटी बालरोगतज्ज्ञ सांगतात. घोटलेल्या डाळभातावर चमचाभर साजूक तूप घालण्याची जुनी चाल या दृष्टीने अगदी योग्य आहे, कारण अन्नाचे आकारमान न वाढवता उष्मांक वाढवण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होय.

बी-१२ ची गोष्ट मात्र सोपी नाही. हे जीवनसत्त्व केवळ काही सूक्ष्मजीव तयार करतात, वनस्पतींना त्याची गरजच नसते, आणि माणसाला ते प्राणिज पदार्थांतून किंवा औषधातूनच मिळते. इडली, डोसा, आंबोळी हे आंबवलेले पदार्थ किंवा स्पिरुलिना हे शेवाळासारखे पूरक खाद्य बी-१२ पुरवते असा समज सुशिक्षितांतही आढळतो. परंतु पीठ आंबवणारे जीवाणू ते भरवशाच्या प्रमाणात देत नाहीत, आणि स्पिरुलिनात आढळते ते बहुतांशी त्याच्यासारखे दिसणारे, पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी असे संयुग असते. शाकाहारी घरात भरवसा उरतो तो दूध, दही, ताक आणि पनीर यांचा. पाव लिटर दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, बी-१२ मिळते आणि लहान मुलाची रोजची गरज जवळपास तेवढीच असते. चहात पडणाऱ्या दोन चमचे दुधाने ती भागत नाही हे उघड आहे, आणि दुग्धजन्य पदार्थही वर्ज्य करणाऱ्या कुटुंबांना बी-१२ चे औषध देण्यावाचून पर्याय नाही.

या उणिवेची सुरुवात मुलाच्या ताटात नव्हे तर आईच्या गरोदरपणात होते. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या मातांमध्ये बी-१२ कमी व फॉलेट हे दुसरे जीवनसत्त्व अधिक होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्शुलिनला शरीराकडून मिळणारा प्रतिसाद सर्वांत मंद होता. याहून तीव्र टोक म्हणजे अर्भकांचा कंपविकार. आईच्या शरीरातच साठा नसल्याने फक्त अंगावर पिणाऱ्या बाळालाही बी-१२ मिळत नाही, आणि सहा महिने ते दीड वर्ष या वयात ते फिकट पडते, केस विरळ व भुरकट होतात, बोटांच्या पेरांवरची त्वचा काळवंडते, हसणे आणि मान धरणे यांसारख्या आधी आलेल्या गोष्टी नाहीशा होतात व हातपाय कापू लागतात. असे बाळ पुष्कळदा गुटगुटीत दिसते आणि ‘अंगावर पिणाऱ्याला काय कमी’ या समजुतीमुळे निदान लांबते. म्हणून शाकाहारी स्त्रीने गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ घेणे हा मुलाच्याच आहाराचा भाग समजायला हवा.

लोहाच्या बाबतीत शाकाहाराला एकट्यालाच आरोपी ठरवणे मात्र न्याय्य नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची महाराष्ट्रातील ६८.९ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली, आणि ज्या पश्चिम बंगालमध्ये मासळीवाचून जेवण पुरे होत नाही तिथेही हे प्रमाण ६९ टक्के होते. तरीही वनस्पतीतील लोह मांसातील लोहापेक्षा कमी शोषले जाते हे खरे असून धान्य-कडधान्यांतील फायटेट हे संयुग आणि चहातील टॅनिन त्याच्या आड येतात. मटकीला मोड आणल्याने फायटेट घटते, उसळीवर लिंबू पिळल्याने त्यातील क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते; सकाळच्या चहा-बिस्किटाने मात्र उलट परिणाम साधतो. गूळ आणि पालक यांवर भिस्त ठेवणेही फोल आहे : पाच ग्रॅमच्या गुळाच्या खड्यातून मिळणारे लोह नगण्य असते, आणि पालकातील लोह व कॅल्शियम दोन्हींचे शोषण बेताचेच होते. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ अधिक भरवशाचे. १०० ग्रॅम नाचणीत ते ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट.

दूध हे पूर्णान्न असल्याची समजूत येथे विशेष घातक ठरते, कारण दुधात लोह जवळजवळ नसतेच. जेवत नाही म्हणून दिवसातून चार-पाच वेळा बाटली पाजलेले दोन वर्षांचे मूल वजनाने ठीक पण रंगाने पांढुरके, ही बालरोगतज्ज्ञांच्या परिचयाची स्थिती आहे. एक वर्षाच्या आत गाई-म्हशीचे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये आणि त्यानंतरही ते दिवसाला अर्ध्या लिटरच्या पुढे जाऊ नये, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते.

शाकाहाराने वाढ खुंटते का, या प्रश्नावर कॅनडातील टोरांटो येथे सुमारे नऊ हजार मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले : उंची आणि शरीरातील लोहसाठा यांत शाकाहारी व मांसाहारी मुलांत उल्लेखनीय फरक नव्हता, परंतु वजन कमी असण्याचे प्रमाण शाकाहारी मुलांत अधिक होते. ही मुले पौष्टिक अन्नाची व वैद्यकीय देखरेखीची सोय असलेल्या शहरातील होती, हे विसरून तो निष्कर्ष मेळघाटाला किंवा बीडला लावणे योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते २३ महिन्यांच्या बाळांना मांस, मासे किंवा अंडे रोज द्यावे अशी शिफारस केली आहे. ज्या घरात हे निषिद्ध आहे तिथे औषधरूपाने लोह देण्याचे महत्त्व त्यामुळे आणखी वाढते.

हे औषध भारतात मोफत मिळते. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या कार्यक्रमाखाली सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह व फॉलिक आम्लाचे द्रव औषध देण्याची तरतूद आहे, पण दोन-चार वेळा दिल्यावर बाळाची शी काळी झालेली पाहून अनेक घरांत बाटली फडताळात जाऊन पडते. न शोषले गेलेले लोह आतड्यातून बाहेर पडताना असा रंग आणते. ते औषध बाधल्याचे लक्षण नसून औषध चालू असेपर्यंत हा रंग राहणारच.